चिक्कोडीची जागा पक्की कुणाची?

प्रश्न : सर, 2024 ला कर्नाटकातल्या आमच्या चिक्कोडी लोकसभा मतदारसंघातून प्रियांका जारकीहोळी 27 व्या वर्षी खासदार झाल्या, 90,834 मतांनी. बाबा म्हणतात, एवढं लीड म्हणजे जागा पक्की. खरंच तसं असतं का? मलाही पुढं राजकारणात जायचंय. – बी.ए.ची एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : बाळ, बाबांना नमस्कार सांग आणि 2014 ची आठवण दे. प्रकाश हुक्केरी तेव्हा इथून 3,003 मतांनी निवडून आले. आठ विधानसभा मतदारसंघांत वाटली, तर एकेकाच्या वाट्याला 375 मतं. आमच्या पेठेतल्या दोन-चार गल्ल्यांतच तेवढी निघतील! त्या मतमोजणीच्या दिवशी मी ओसरीवरून हललो नव्हतो. घरच्यांनी दोनदा ताट वाढून परत नेलं.

2019 ला हुक्केरींनाच अण्णासाहेब जोल्ले यांनी 1,18,877 मतांनी हरवलं. ते लाखाचं लीड पाच वर्षांनी पुसलं गेलं. 2009 ला रमेश कत्ती 55 हजारांनी आले होते, पुढच्याच निवडणुकीत ते पडले. म्हणजे 2009 नंतर तीन निवडणुका झाल्या आणि तिन्ही वेळा जिंकणारा पक्ष बदलला. बी. शंकरानंद 1967 पासून सलग सात वेळा निवडून आले, तो काळ तुझ्या आजोबांचा. आता मतं कुणाच्या उताऱ्यावर चढत नाहीत. माझ्या लेखी ही जागा 90 हजारांची नाही, अजूनही 3,003 चीच आहे, आणि तरुण खासदारानं ती तशीच धरून चालावं.

प्रियांकांचे वडील सतीश जारकीहोळी राज्यात मंत्री, त्यामुळं पहिली ओळख घरातून मिळाली. दुसऱ्या वेळची ज्याची त्यानं कमवायची असते. नुसत्या निधीवर ते होत नाही. खासदाराला विकासकामांसाठी वर्षाला 5 कोटी मिळतात, आठ विधानसभा मतदारसंघांत वाटले तर प्रत्येकी साडेबासष्ट लाख. त्यात रस्ते तरी किती होणार? पण निपाणीला अजून रेल्वे नाही आणि रेल्वे दिल्लीच्या हातात आहे. तिथं खासदारानंच नेट लावला पाहिजे.

दुसरी गोष्ट पुराची. माझी बहीण दूधगंगेच्या काठावर दिलेली आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी घरात असताना कोण आलं आणि चिखल वाळल्यावर कोण आलं, हे तिला अजून तोंडपाठ आहे. तिचं मत त्यावरच ठरतं. मला ते अगदी रास्त वाटतं.

आता तुझं. कन्नड लिहायला-वाचायला शीक, आजपासून. मराठी आपली आहेच आणि कागदपत्रं मराठीत मिळावीत ही मागणीही सोडू नकोस. पण अथणी-रायबागला घरोघरी बोलायचं तर कन्नड हवं. तहसील कचेरीतून आलेला कन्नड कागद आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवत जा. रविवारी सकाळी दारात बस, माणसं आपणहून कागद घेऊन येतील.