तुम्ही विचारा : जीन्स आणि पाणी

प्रश्न : ताई, मी निपाणीची, कॉलेजला आहे. बेळगावच्या खडे बाजारात एक फिकट जीन्स आवडलीय, पण मैत्रीण म्हणते एका जीन्सला हजारो लिटर पाणी लागतं. खरं काय गं?

उत्तर : खरं आहे बाळ. लिवाइस कंपनीनेच 2015 साली आपल्या 501 नावाच्या जीन्सचा हिशेब मांडला, कापूस पेरण्यापासून जीन्स टाकून देईपर्यंत साधारण 3,781 लिटर पाणी, त्यातलं 68 टक्के एकट्या कापसाला आणि 23 टक्के आपल्या घरच्या धुण्याला. अर्थात सगळा कापूस सारखा नसतो, आपल्या बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या काळ्या रानात पावसावर येणारा कापूस वेगळा नि कॅनॉलच्या पाण्यावरचा वेगळा.

मला जास्त काळजी त्या फिकटपणाची वाटते. जीन्सचा निळा रंग म्हणजे नीळ, ती पाण्यात विरघळत नाही म्हणून हायड्रोसल्फाइटसारखं रसायन घालून ती सुताला चढवतात, आणि मग तोच रंग उडवायला प्युमिस हा खरखरीत दगड घासायचा, परमँगनेट या रसायनाचा फवारा, वर परत धुणं. ते निळं पाणी शुद्ध न करता सोडलं की नदी-नाल्याची वाट लागते. काही ठिकाणी तर जीन्स फिकट करायला तिच्यावर वाळूचा मारा करायचे, ती बारीक धूळ कामगारांच्या फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार व्हायचा, पोरं जिवानिशी गेली, तुर्कस्तानने 2009 ला त्यावर बंदीच घातली.

तेव्हा घ्यायचीच तर गडद निळी घे गं, वापरून वापरून ती आपोआप फिकट होतेच. उलटी करून गार पाण्यात धू, आणि दरवेळी घातली की लगेच धुवायला टाकू नको.