मुंबईतल्या छोट्या स्वयंपाकघरात घरच्या सगळ्यांनी मिळून भाकरी करणं जमतं का?

जमतं, आणि एकट्याने शिकण्यापेक्षा लवकर जमतं. पण आधी तुमचं दुखणं बघू. तुम्ही लिहिलंय की घर वन बीएचके, दोघंही नोकरीला, दोन शाळकरी मुलं. पोळ्या छान होतात, पण ज्वारीची भाकरी थापताना कडेने चिरते आणि तव्यावर जाईपर्यंत तिचे दोन तुकडे झालेले असतात. तेव्हा रविवारी सगळ्यांनी मिळून हा घाट घालावा, की पोळी-भाजी केंद्रातून आणून मोकळं व्हावं?

पोळी चांगली येते, हेच इथे आडवं येतंय. गव्हात ग्लूटेन, म्हणजे पीठ धरून ठेवणारं चिवट प्रथिन असतं. कणीक भिजवून झाकून ठेवली की ती मुरते, ताणली जाते, लाटताना फाटत नाही. ज्वारीत ग्लूटेन नाहीच. तिथे पीठ धरून ठेवायचं काम स्टार्चला करावं लागतं, आणि तो साधारण 70 अंशांच्या पुढे गेल्याशिवाय नीट पाणी पिऊन फुलत नाही, चिकट होत नाही. सराईत बायका साध्या पाण्यातही भाकरी करतात, पण त्यांचं पीठ ताजं असतं आणि मळण्यात त्या कसर ठेवत नाहीत. नवशिक्यांनी सरळ उकड काढावी. वाटीभर पिठाला जवळजवळ वाटीभर पाणी, त्यात चिमूटभर मीठ. उकळी फुटली की गॅस बंद करून पीठ घालायचं, उलथन्याच्या दांड्याने ढवळायचं आणि झाकण ठेवायचं. हाताला सोसेल इतपत निवलं की परातीत घेऊन तळव्याने पुढे रेटत रगडायचं, लागेल तसा पाण्याचा हात लावत. गोळा करून अंगठ्याने दाबून बघा. कडेला भेग पडली तर अजून मळायचंय.

एवढं करूनही चिरत असेल तर दोष पिठाचा. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि मग ते कितीही मळा, एकजीव होत नाही. मुंबईच्या दमट हवेत, त्यातून जूननंतर, पीठ लवकर वासट आणि कडवट होतं. पाकिटातलं पीठ घेत असाल तर दळल्याची तारीख बघा. मी तर म्हणेन घेऊच नका. वाण्याकडे मालदांडी मागा. रब्बीची, म्हणजे शाळूची ज्वारी, आणि मंगळवेढ्याच्या मालदांडीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. दोन किलोच्या वर एका वेळी दळू नका. गिरणीवाल्याला ‘भाकरीचं, बारीक’ असं सांगा आणि आधी कोणतं दळण चाललंय ते विचारा. डाळीवर किंवा मिरचीवर तुमची ज्वारी पडली तर ती भाकरी नाकाला लगेच कळते. पंधरा दिवसांत संपवा.

आता घरच्यांनी मिळून करायचं कसं. माझी आजी लालबागला चाळीतल्या एका खोलीत कापडगिरणी कामगारांची खाणावळ चालवायची. गिरणगावात अशा बायका घरोघरी होत्या. सावकाराच्या कर्जातून सुटून त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. पुढे 1982 चा संप आला, गिरण्यांचे भोंगे थांबले आणि आमच्याकडे जेवायला येणारी ताटं एकेक करून कमी झाली, तो विषय वेगळा. पण गिरणीची पाळी सुटायच्या आत भाकऱ्यांची चळत तयार हवी म्हणून आजीने जी कामाची वाटणी ठरवली होती, ती आमच्या घरात अजून तशीच आहे: एकाने मळायचं, एकाने थापायचं, एकाने तवा सांभाळायचा.

ही वाटणी नुसती वेळ वाचवायला नाही. थापणाऱ्याचे हात कोरडे, पिठाचे लागतात आणि तव्यावरच्याचा हात ओला लागतो. शिकणारा माणूस एकटाच असला की ओल्या हाताने थापायला जातो, भाकरी बोटांना चिकटते, मग तो वर आणखी पीठ भुरभुरवतो आणि ते पीठ तव्यावर करपतं. दोन माणसं असली की हा गोंधळच होत नाही. मळणाऱ्यानेही सगळं पीठ एकदम मळून ठेवू नये, एकेका भाकरीपुरता गोळा मळून पुढे द्यावा. निवून बसलेला गोळा परत चिरायला लागतो.

आमच्याकडे आई मळते, बायको थापते आणि तवा माझ्याकडे. तुमच्या ओट्यापाशी दोनच माणसं मावत असतील. त्या दोघांत थापणारा आणि तवेवाला. परात तव्याला खेटून ठेवा, कारण थापलेल्या भाकरीला प्रवास सोसत नाही. मळणाऱ्याला बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून खाली बसवा. बसून मळताना अंगाचा भारही पडतो.

थापताना परातीत खाली पिठी हवी, आणि भाकरी हाताखाली आपोआप गोल फिरायला हवी. फिरायची थांबली म्हणजे खालची पिठी संपली. एका हाताने थापत दुसऱ्या हाताने कड सावरत जायचं. मधे जाड ठेवून कडा पातळ करू नका, उलट कडेला थोडी जाडी चालते. पहिल्यांदा तळहातापेक्षा जरा मोठी झाली की पुरे. आकाराचा हट्ट सगळ्यात नंतर.

तव्यावर खरी गंमत आहे, म्हणून ते काम मी सोडत नाही. तवा लोखंडी किंवा बिडाचा, चांगला तापलेला. नॉनस्टिक नको, इतकी आच त्याला सोसत नाही. भाकरी टाकताना पिठी लागलेली बाजू वर यायला हवी. लगेच ओल्या हाताने सगळीकडे पाणी फिरवायचं, कडेपर्यंत. मग भाकरीवरून नजर हलवायची नाही. वरच्या पाण्याची चकाकी जाते, रंग मंद होतो, पण बोट लावलं तर ओल लागते. त्याच क्षणी उलटायची. पाणी पूर्ण वाळलं तर वर भेगा पडतात आणि वाफ तिथून निघून जाते. पाणी तसंच असताना उलटली तर चिकटते आणि उचकटताना पापुद्रा फाटतो. दुसरी बाजू निवांत भाजू द्या, तांबूस ठिपके येईपर्यंत. मग तवा बाजूला करून पहिली बाजू थेट आचेवर धरली की आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि पापुद्रा वर उचलला जातो. पाइप गॅसच्या मोठ्या बर्नरवर, पापडाची जाळी ठेवून, हे व्यवस्थित होतं. एका कडेने वाफ निसटत असेल तर फडक्याने ती कड हलकी दाबून धरा.

मुलांना उकडीपासून लांब ठेवा, ती आतून फार गरम असते. मळलेला, हाताला सोसेल असा गोळा मात्र बिनधास्त द्या. धाकट्याने चानकी, म्हणजे छोटी भाकरी करावी, त्याच्या तळव्याएवढी; ती मोडत नाही आणि पटकन फुगते, म्हणून त्याचा उत्साह टिकतो. मोठ्याला पिठी भुरभुरवायचं आणि भाजलेल्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळायचं काम द्या. लोणी लावायच्या कामावरून आमच्याकडे भांडणं होतात, त्याला माझ्याकडे उपाय नाही.

पोळी-भाजी केंद्राबद्दल विचारलंत. मीही आणतो, दमून आल्यावर कोण पीठ मळणार? त्या भाकऱ्या चांगल्याच असतात, फक्त घरी येईपर्यंत पिशवीतल्या वाफेने पापुद्रा बसलेला असतो. तव्यावर पुन्हा गरम करा. ताटात येताना फुगलेली भाकरी हवी असेल तर ती घरीच करावी लागते.

पहिल्या रविवारी फार बेत करू नका. पिठलं आधी करून झाकून ठेवा, ठेचा कुटून ठेवा आणि कांदा फोडा. भाकरी मोडली तर पिठल्यात चुरून खाता येते, कोणाला कळतही नाही. पनीरची भाजी वगैरे केलीत तर प्रत्येक तुकडा ताटात उघडा पडेल.