वितळत नाही, सादळतं

प्रश्न असा आहे: ग्लास ट्रांझिशनवरच्या, म्हणजे काचेसारखा कडक पदार्थ मऊ पडण्याच्या बदलावरच्या, एका लेखाच्या अनुवादात ‘पाण्याचा अंश शिरताच कोरड्या प्रथिनांचं काचरूप वितळतं’ असं वाक्य आलंय. इथे ‘वितळतं’ हवं की ‘विरघळतं’? आणि ग्लास ट्रांझिशनला ‘काचसंक्रमण’ म्हणावं का?

दोन्ही क्रियापदं मला चुकीची वाटतात. वितळतो तो स्फटिक. त्यातल्या रेणूंची शिस्तशीर मांडणी ठरावीक तापमानाला मोडते. काचरूपात तशी मांडणी मुळातच नसते. रेणू द्रवासारखेच अस्ताव्यस्त, फक्त जागच्या जागी थिजलेले. विरघळणं म्हणजे तर रेणू सुटे होऊन पाण्यात पसरणं. तेही इथे घडत नाही.

रात्रभर उघडं राहिलेलं बिस्किट घ्या. काल कट्कन तुटत होतं, आज वाकतं, दाताखाली वातड लागतं. हवेतलं पाणी स्टार्च आणि साखरेच्या रेणूंमध्ये शिरलं, त्यांना हलायला वाव मिळाला. द्रव काही झालं नाही. बिस्किट सादळलं! इतका नेमका शब्द घरात असताना ‘वितळतं’ कशाला? स्फटिक नसलेल्या कोरड्या साखरेचं काचरूप साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं. ३-४ टक्के पाणी मुरलं की ती मर्यादा खोलीच्या तापमानापर्यंत उतरते. वाळलेल्या बियांचंही तेच. पेशीतला रस काचरूपात थिजलेला असतो, रासायनिक क्रिया मंदावलेल्या असतात, म्हणून बी टिकतं. बियाणं सादळलं की ती राखण जाते.

अर्थात शब्दाला मर्यादा आहेत. काडेपेटीही सादळते, पण तिथे काचरूपाचा संबंध नाही. आणि नुसत्या उष्णतेने काचरूप सैल पडलं तर ‘सादळलं’ म्हणता येणार नाही, ओल हवीच; तिथे ‘नरमलं’ म्हणावं.

‘काचसंक्रमण’ मात्र टाळाच. संक्रमण म्हणजे संसर्ग असा अर्थ हल्ली रूढ होत चाललाय. पेशी आणि प्रथिनांच्या लेखात वाचक हमखास फसेल. ‘काचस्थित्यंतर’ उच्चारायला जड आहे खरं, पण स्थिती बदलते हे त्यात स्वच्छ दिसतं.

मी ते वाक्य असं लिहीन: ‘पाण्याचा अंश मुरताच कोरडी प्रथिनं सादळतात, त्यांच्या काचस्थित्यंतराचं तापमान झपाट्याने खाली येतं.’