फ्रिजमध्ये दाट होणारे शेंगदाणा तेल शुद्धच असते का?

प्रश्न : आमच्या भागात लाकडी घाणा सुरू झाल्यापासून आम्ही तिथूनच शेंगदाण्याचे तेल घेतो. घाणेवाल्यांनी सांगितले होते की, बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी आणि तेल दाट झाले तर ते शुद्ध समजावे. तेल दाट होते, परंतु हल्ली त्याला पूर्वीसारखा दाण्याचा वास येत नाही. ही चाचणी भरवशाची आहे का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : ही चाचणी अर्धी खरी आहे आणि म्हणूनच ती फसवते. शेंगदाणा तेलात ॲराकिडिक, बेहेनिक आणि लिग्नोसेरिक ही लांब साखळीची संपृक्त, म्हणजे थंडीत लवकर गोठणारी, मेदाम्ले (तेलाचे मूळ घटक) थोड्या प्रमाणात असतात, त्यामुळे थंडाव्यात ते गढूळ आणि दाट होते. सूर्यफूल, सोयाबीन किंवा करडईचे तेल त्याच थंडाव्यात बहुधा पातळच राहते. त्यामुळे आपली बाटली सकाळी लख्ख पारदर्शक निघाली असती, तर शंका घेण्यास जागा होती. मात्र ती दाट झाली यावरून शुद्धता सिद्ध होत नाही, कारण ज्याची भेसळ अनेकदा स्वस्त पडते ते पामोलिनही (पाम तेलाचा पातळ भाग) फ्रिजमध्ये गढूळ होते. ज्या भेसळीची भीती अधिक, तीच या चाचणीतून बेमालूम निसटते.

प्रयोगशाळेतही एकाच आकड्यावर विसंबता येत नाही, हे एका हिशेबाने दाखवतो. तेलातील असंपृक्तता, म्हणजे मेदाम्लांतील दुहेरी बंधांचे प्रमाण, आयोडीन मूल्याने मोजतात. शेंगदाणा तेलासाठी ते ८५ ते ९९ या दरम्यान असावे, असे आपल्याकडील मानक आहे. पामोलिनचे हे मूल्य ५८च्या आसपास, तर सोयाबीन तेलाचे १३०च्या आसपास असते. आता ९२ मूल्याचे शेंगदाणा तेल ७५ भाग, पामोलिन १५ भाग आणि सोयाबीन तेल १० भाग एकत्र केले, तर मिश्रणाचे मूल्य ९०.७ येते. पाव हिस्सा परके तेल असूनही नमुना या चाचणीत निर्धास्त उत्तीर्ण होतो, कारण एका तेलाने खाली ओढलेला आकडा दुसऱ्याने वर उचललेला असतो. भेसळ करणाऱ्यांना रसायनशास्त्र कळत नाही, या समजुतीत कोणी राहू नये.

म्हणून शेंगदाणा तेलासाठी बेलियर चाचणीला महत्त्व आहे. तेलाचे अल्कोहोलमधील पोटॅशने (अल्कलीने) साबणीकरण करून, म्हणजे त्याचा साबण बनवून, त्यात ॲसेटिक आम्ल व ७० टक्के अल्कोहोल घालून, मिश्रण ढवळत सावकाश थंड करतात आणि पहिला गढूळपणा कोणत्या तापमानाला दिसतो ते टिपतात. शुद्ध शेंगदाणा तेलात तो ३९ ते ४१ अंश सेल्सिअसला दिसतो, तर तीळतेलाची मर्यादा २२ आणि करडई तेलाची १६ अंश आहे. वर सांगितलेली लांब साखळीची आम्लेच येथे आपली ओळख पटवतात. त्याहून खात्रीची तपासणी वायुवर्णलेखनाची, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीची. तीत प्रत्येक मेदाम्लाचे प्रमाण वेगळे मोजले जाते. शेंगदाणा तेलात लिनोलेनिक आम्ल जवळजवळ नसते आणि सोयाबीन तेलात ते ठळकपणे असते, त्यामुळे वरील मिश्रणाचे बिंग तेथे फुटते.

घरी करण्याजोगी मला सर्वांत विश्वासार्ह वाटणारी परीक्षा मात्र रसायनाची नसून हिशेबाची आहे. दाण्यांत तेल सुमारे ४५ ते ५० टक्के असते, पण घाण्यात ते सगळे निघत नाही, काही पेंडीत राहते. साधारण एक किलो तेलासाठी अडीच किलो दाणे लागतात, असे धरावे. त्या दाण्यांच्या किमतीतून दीड किलो पेंडीचे पैसे वजा करावेत आणि घाण्याची मजुरी मिळवावी. एवढ्या रकमेच्याही खाली कोणी शुद्ध घाण्याचे तेल देत असेल, तर प्रयोगशाळेचा खर्च न केलेलाच बरा. याच हिशेबात आणखी एक गोष्ट तपासावी. डबा १५ किलोचा आहे की १५ लिटरचा? तेलाची घनता पाण्याहून कमी असल्याने १५ लिटर तेलाचे वजन साडेतेरा किलोंहून थोडेच अधिक भरते.

वास कमी झाला, याचा अर्थ भेसळच झाली असा होत नाही. दाणे जुने असतील किंवा घाण्यापूर्वी भाजण्याची पद्धत बदलली असेल, तरीही वास बदलतो. घाण्यावर उभे राहून एक घाणा डोळ्यांदेखत काढून घ्यावा आणि त्या तेलाशी आपल्या बाटलीची तुलना करावी.

प्रश्न : स्वतःच्या शेतातील करडई घाण्यावर नेऊन तेल काढून आणले. तीन महिन्यांत ते खवट झाले. घाण्यावर दुसरे तेल मिसळले असेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : शुद्धता आणि प्रत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शंभर टक्के शुद्ध तेल खराब प्रतीचे असू शकते आणि भेसळीचे तेल महिनोन्महिने छान टिकू शकते. करडई तेलाचे आयोडीन मूल्य १३५ ते १४८ इतके असते. म्हणजेच त्यातील बहुतांश मेदाम्ले हवेतील प्राणवायूशी सहज संयोग पावणारी असतात. उलट त्यात पामोलिन मिसळले असते, तर ते बहुधा अधिक टिकले असते! तेव्हा घाणेवाल्यांवर संशय घेण्याआधी बियाणे आणि साठवण पाहावी. ओलसर किंवा फुटके बी असल्यास त्यातील विकरे (एन्झाइम) तेलाचे विघटन करून मुक्त मेदाम्ले वाढवतात, ती आम्ल मूल्यातून कळतात. हवेने होणारी खराबी पेरॉक्साइड मूल्यातून कळते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात पेरॉक्साइड मूल्याची मर्यादा रिफाइंड तेलांसाठी १० आणि थंड दाबाने काढलेल्या तेलांसाठी १५ आहे. येथे एक मेख आहे. पेरॉक्साइडे कायम टिकत नाहीत, ती फुटून खवट वासाची संयुगे तयार होतात, त्यामुळे फार जुन्या तेलात हे मूल्य पुन्हा उतरलेले आढळते. नाकाला खवट वाटणाऱ्या तेलाचा आकडा कमी आला, तर नाकावर विश्वास ठेवावा.

साका खाली बसू द्यावा, वरचे निवळ तेल गाळून लहान, काठोकाठ भरलेल्या गडद बाटल्यांत ठेवावे. तांब्या-पितळेच्या जुन्या बुधल्या दिसायला देखण्या असल्या, तरी तांबे ऑक्सिडीकरण वेगाने घडवते. त्यांत तेल साठवू नये.

प्रश्न : तीळतेलात आम्ल टाकल्यावर लाल रंग येतो, म्हणून ते शुद्ध असते, असे एका विक्रेत्याने करून दाखवले. हे खरे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ही बोदुआँ चाचणी होय. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल यांच्या योगाने तीळतेलातील विशिष्ट घटक लाल रंग देतात. तिने तीळतेल आहे एवढेच कळते, फक्त तीळतेलच आहे हे कळत नाही. वनस्पती तुपात किमान ५ टक्के तीळतेल घालण्याचे बंधन याच चाचणीसाठी होते, म्हणजे लोणकढ्या तुपात ते मिसळले की रंगाने पकडता यावे. पाच टक्क्यांनी जो रंग येतो, तो शंभर टक्क्यांचा पुरावा कसा ठरेल? हे तीव्र आम्ल घरी हाताळूही नये.

प्रश्न : सुटे तेल घेतो, त्याची सरकारी तपासणी सामान्य ग्राहकाला करून घेता येते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : येते. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहक शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. मात्र तसा आपला इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. नमुना नियमात बसला नाही, तर शुल्क परत मिळते. सुटे खाद्यतेल विकण्यास, राज्याने सूट दिली नसल्यास, मुळात मनाईच आहे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळल्याने जलशोथाची (अंगावर सूज येण्याच्या आजाराची) साथ पसरली, अनेकांचे प्राण गेले आणि त्याच वर्षी बांधणीबंद तेलाविषयीचा आदेश निघाला. नमुना कोरड्या, स्वच्छ बाटलीत द्यावा आणि अर्जात केवळ ‘शुद्धता तपासावी’ असे न लिहिता मेदाम्लांच्या प्रमाणाची तपासणी स्पष्ट शब्दांत मागावी.