'दुर्मीळ' नव्हे, आणि कोळी मासेमारही नव्हे

अमळनेरच्या एका वाचकभाऊंनी विचारलं आहे: पोर्तुगालच्या मदेइराजवळच्या देझेर्ता ग्रांदे बेटावरच्या लांडगा कोळ्याला (वुल्फ स्पायडर) बातमीत 'दुर्मीळ स्थानिक कोळी' म्हटलं होतं, ते बरोबर का?

नाही. जळगावची केळी स्थानिक असते, पण केळी जगभर पिकते. जो जीव जगात दुसरीकडे कुठेच नाही तो 'प्रदेशनिष्ठ'. शब्द रूढ आहे, वापरा की! आणि 'दुर्मीळ' तर आता जुन्या नाण्यालाही लावतात आणि सापालाही. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, धोक्यातल्या जीवांच्या लाल यादीतून हा वर्ग १९९४ सालीच गेला. हा कोळी त्या यादीत 'अतिसंकटग्रस्त' आहे. तसे प्रौढ कोळी काही हजार असावेत असा अंदाज होता, पण सगळे एकाच दरीत. तिथे फॅलॅरिस नावाचं गवत माजलं आणि ज्या दगडांखाली, भेगांत हे राहतात ती जागाच झाकली गेली. ब्रिस्टलच्या प्राणिसंग्रहालयाने त्यांची पैदास केली आहे, हे त्यातल्या त्यात बरं.

पण बातमीतला खरा रसाचा शब्द 'कोळी', आणि त्याबद्दल कुणी विचारतच नाही. तापीकाठचा कोळी जाळं टाकतो, हाही जाळं करतो, म्हणून नाव एक, असं भले भले जाणकार ठोकून देतात. ही व्युत्पत्ती नव्हे, चावडीवरचा अंदाज! संस्कृतात कौलिक म्हणजे विणकर. पंचतंत्रात लाकडी गरुडावर बसून विष्णूचं सोंग घेणारा तो कौलिकच. त्याचं प्राकृतात कोलिय झालं, आणि बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या 'देशीनाममाला' या शब्दकोशात कोलियचे दोन अर्थ आहेत: विणकर आणि जाळं करणारा कीटक. मासेमाराचं तिथे नावही नाही. अमरकोशही तेच सांगतो, 'तन्तुवाय' म्हणजे कोळीही आणि विणकरही. उत्तरेत विणकरांची कोरी जात आजही आहे. दिवाळीआधी धाब्याच्या घरातलं कोळिष्टक झाडताना आपण विणकराचंच काम झाडत असतो. मासेमार कोळ्यांचं नाव कुठून आलं हा वेगळा वाद, तो इथे घुसडू नका.

यावर कुणी म्हणेल, लांडगा कोळी शिकारीसाठी जाळं विणतच नाही, पळत जाऊन भक्ष्य धरतो, मग विणकर कसला? अहो, त्याची मादी सूत काढते, अंड्यांची पिशवी त्याच सुताने करते आणि ती पोटामागे अडकवून फिरते. विणकर ठरायला एवढं पुष्कळ झालं. पंचाईत जाळंवाल्यांची आहे.