चार्जर काढले, तरी बिल उतरत नाही

प्रश्न : आमच्या घरात चार मोबाइल, चार चार्जर. मुलं चार्जर बोर्डातच ठेवतात, बटणही चालूच. रोज रात्री झोपण्याआधी मी एकेक काढत फिरते. दोन सोफ्यामागे आहेत, तिथं वाकताना गुडघा बोलतो. दोन महिने नेमानं केलं, तरी बिल जिथल्या तिथं. गेल्या महिन्यात १५६ युनिट. मुलगा म्हणतो, “आई, उगाच करतेस.” माझं चुकतंय का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, चुकत काहीच नाही. मोबाइल जोडलेला नसला तरी चालू बोर्डातला चार्जर थोडी वीज खातो, हे खरं आहे. थोडी म्हणजे किती, तेवढं बघायचं राहिलंय.

पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रिकल लॅबमध्ये तीस वर्षं काढल्यामुळे मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. मागच्या उन्हाळ्यात महाराणी रोडवरून प्लगमध्ये बसणारा वॉटमीटर आणला आणि त्यात मोबाइलचा चार्जर लावला. आकडा शून्य! एवढं बारीक त्या मीटरला मोजताच येईना. मग घरातले, शेजारचे, भाच्याचे असे दहा चार्जर एका एक्स्टेन्शन बोर्डावर लावले, तेव्हा कुठे आकडा १ वॉटच्या आसपास आला. म्हणजे एकाच्या वाट्याला ०.१ वॉट. असा चार्जर वर्षभर दिवसरात्र चालू ठेवला तरी एक युनिट पुरतं होत नाही. तुमच्या चौघांचे मिळून महिन्याला ०.३ युनिट. सात रुपये दर धरला तर दोन रुपये.

ओळखायची सोपी खूण म्हणजे आपला हात. रिकाम्या चार्जरमध्ये शिरलेल्या विजेला उष्णता होण्यावाचून दुसरी वाट नसते. चार्जर गार लागला तर तो काही खात नाही असंच समजा. जुन्या कॉर्डलेस फोनचा किंवा रेडिओचा जड ठोकळा घरात असेल, तर त्याला मात्र हात लावून बघाच. त्याच्या आत लोखंडी पट्ट्यांवर तांब्याची तार गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर असतो, तो कायम कोमट राहतो. दोन वॉट धरले तरी वर्षाला सतरा युनिट. तो काढा.

पण ताई, तुमच्या पत्रातला १५६ हा आकडा वाचून मी थबकलो. आपल्या मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेखाली महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असला, तर पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपयेच लागतात. मर्यादा ओलांडली की सवलत सगळीच जाते. तुम्ही सहा युनिटांनी ती घालवताय! ही सहा युनिटं चार्जरमधून कधीच निघणार नाहीत.

ती टीव्हीखाली सापडतील. रिमोटनं टीव्ही बंद केला तरी सेट-टॉप बॉक्स चालूच असतो. त्याच्या रिमोटचं लाल बटण दाबलं तरी बहुतेक बॉक्स आतून जागेच राहतात, दिवा तेवढा रंग बदलतो. माझ्या बॉक्सवर मीटर लावला तर चालू असताना १३ वॉट आणि ‘बंद’ असताना १२! तुम्ही चार तास टीव्ही बघत असाल, तर उरलेले वीस तास कोणीही न बघता तो १२ वॉट ओढतो. दिवसाला २४० वॉट-तास, महिन्याला सात युनिटांहून थोडं जास्त. १५६ मधून सात गेले की १४९. मी हा हिशेब दोनदा मांडून पाहिला.

यासाठी वाकायची गरज नाही. टीव्ही आणि बॉक्स बटण असलेल्या एका एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या आणि तो बोर्ड हाताच्या उंचीवर, टीव्हीशेजारी ठोकून घ्या. झोपताना एक बटण, दुपारी एक बटण. पुन्हा चालू करताना बॉक्सला मिनिट-दोन मिनिटं लागतात, तेव्हा मॅचच्या आधी घरात थोडी कुरकुर होईल. रेकॉर्डिंग लावलेलं असेल त्या रात्री मात्र बंद करू नका.

चार्जरची सवय अगदीच सोडा असं मी म्हणणार नाही. रांगतं मूल असलेल्या घरात लोंबती वायर तोंडात जाते. पावसाळ्यात वीज कडाडली की लाइनीतला झटका चार्जरपर्यंत पोचतो. स्वस्तातला चार्जर गादीवर तापत पडलेला मला तर बघवत नाही. या कारणांसाठी तो जरूर बंद करावा. पण त्याला बोर्डाचं बटण पुरतं. वादळी रात्री तेवढी पिनही काढा. रोज ओढाओढ केली तर सॉकेटच्या आतल्या पत्त्या सैल होतात आणि सैल पिन ठिणग्या टाकते. सोफ्यामागचे दोन चार्जर मुलांनाच पुढच्या बोर्डावर आणायला सांगा, गुडघ्याला त्रास नको.

महिनाभर हे करून बघा आणि पुढच्या बिलातला युनिटांचा आकडा मला नक्की कळवा.