अटलांटिकच्या काठाकाठाने, दोघंच: तुम्ही विचारलंत

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की नवरा आणि मी फ्रान्समध्ये बोर्दोला कॅम्परव्हॅन (आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेतली आणि समुद्राच्या कडेकडेने खाली बिआरित्झ, मग स्पेनच्या सॅन सेबॅस्टियनपर्यंत गेलो, रात्री कॅम्पसाइटवर राहिलो, स्वयंपाक स्वतः केला. त्यावर मेल आणि व्हॉट्सॲपवर प्रश्नांचा पाऊस पडलाय, निम्मे तर आपल्या नाशिकातूनच. सारखे होते ते एकत्र केलेत आणि "खर्च किती आला" हे मुद्दाम वगळलंय कारण जूनचा भाव आणि ऑगस्टचा भाव यात इतका फरक असतो की माझा आकडा तुमच्या कामाचा नाही.

आम्ही निवृत्त नवराबायको. लिस्बनला उतरून गाडी घ्यायची, पोर्तुगाल, स्पेन, फ्रान्स करत थेट वर ब्रिटनीला ब्रेस्टपर्यंत जायचं असा १२ दिवसांचा प्लॅन आहे. जमेल ना? (इंदिरानगर)

जमेल हो काका, पण समुद्र दिसणार नाही. लिस्बन ते ब्रेस्ट सरळ हायवेने गेलात तरी पावणेदोन हजार किलोमीटरच्या आसपास होतं, आणि तो हायवे समुद्राजवळून फारसा जातच नाही, मधल्या माळरानातून जातो. काठाने जायचं म्हटलं तर त्याच्या कितीतरी जास्त, त्यात स्पेनचा अख्खा उत्तर किनारा आडवा पसरलाय. म्हणजे रोज सकाळी आवरायचं, गाडी हाणायची, अंधार पडायच्या आत पोचायचं आणि झोपायचं. हे तर एसटीचे ड्रायव्हरही करतात, त्यांना पगार तरी मिळतो.

माझं स्पष्ट मत आहे की एकच तुकडा घ्या. एक तर आम्ही केला तो, बोर्दो ते स्पेनची हद्द. आर्काशोंजवळ पिलाची वाळूची टेकडी आहे, साधारण १०० मीटर उंच आणि जवळजवळ ३ किलोमीटर लांब, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला पाइनचं जंगल, आणि ती टेकडी दरवर्षी थोडी थोडी जंगलात सरकतेय, पायथ्याची झाडं अर्धी वाळूत बुडालेली दिसतात. तिथून खाली बिस्कारोस, मिमिझाँ, ओसगोर. सगळा सरळ रेषेत गेलेला वाळूचा किनारा आणि मागे गोड्या पाण्याची तळी. हे जे लांद म्हणून जंगल आहे ना, ते बहुतेक सगळं माणसाने लावलेलं आहे, आधी तिथे दलदल होती आणि मेंढपाळ उंच काठ्यांवर उभे राहून फिरायचे. १८५७ च्या कायद्याने गावांना जमीन सुकवून झाडं लावायला लावली.

दुसरा तुकडा पोर्तुगालमधला, लिस्बन ते साग्रेस. अंतर जेमतेम पावणेतीनशे किलोमीटर. कडे, छोटे बीच, आणि काबो सार्दांवला भर समुद्रातल्या सुळक्यांवर पांढऱ्या करकोच्यांची घरटी. फक्त तिथलं पाणी ऑगस्टमध्येही गार, १७ ते १९ अंशांचं, कारण उन्हाळाभर उत्तरेचा वारा वाहतो, तो वरचं पाणी लोटून देतो आणि खालचं थंडगार पाणी वर येतं. या वाऱ्याला ते नॉर्ताडा म्हणतात. तंबूवाल्यांनी तो विसरू नये.

आणि गाडी जिथून घेतली तिथेच परत द्या, दुसऱ्या गावात सोडायचे जास्तीचे पैसे पडतात. जाताना काठाने, येताना हायवेने.

गाडी चालवायला कुठलं लायसन लागतं? उजव्या बाजूने चालवणं अवघड जातं का? (सिडको)

आपलं ओरिजिनल लायसन आणि सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. ते पेठ रोडच्या आरटीओतून मिळतं, अर्ज ऑनलाइन भरायचा, पासपोर्ट लागतो, मुदत एक वर्षाची. फार आधी काढून ठेवू नका. साडेतीन टनांपर्यंतच्या कॅम्परला आपलं कारचं लायसन चालतं, पण भाड्याने देणारे वयाच्या आणि लायसन किती जुनं आहे त्याच्या स्वतःच्या अटी घालतात, त्या आधी वाचा.

उजव्या बाजूची सवय हायवेवर लगेच होते. घोळ होतो तो सकाळी रिकाम्या रस्त्यावर गाडी काढताना, समोर कोणीच नसलं की हात आपोआप डावीकडे जातो, म्हणून शेजारी बसणाऱ्याने रोज निघताना मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचं, हसू आलं तरी म्हणायचं. सर्कलमध्ये जो आत आहे त्याचा हक्क, थांबून वाट बघायची, आपल्या मुंबई नाक्यावर जो घुसेल त्याचा नंबर असतो तसं चालत नाही. आणि फ्रान्सच्या खेड्यात एक विचित्र नियम आहे, बोर्ड नसेल तर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो कितीही बारक्या बोळातून येत असला तरी. फ्रान्समध्ये टोलला गाडीची उंची बघतात, २ मीटरच्या वर गेली की वरचा दर. बीचच्या बऱ्याच पार्किंगला तर साधारण २ मीटरवर लोखंडी आडवा बार असतो, कॅम्पर आत जाऊच नये म्हणून. गाडीची उंची कागदावर लिहून काचेच्या आतून चिकटवा.

आम्ही शाकाहारी, कांदा-लसूण चालतो. तिथे खायचं काय? कुकर नेता येतो का? साजूक तूप? (पंचवटी)

काकू, तूप घरीच ठेवा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे, त्यात तूप, पेढे, खव्याची मिठाई सगळं आलं. मी बेसनाचे लाडूसुद्धा नेले नाहीत, उगाच एअरपोर्टवर डबा उघडून वाद कशाला. तिथे बिनमिठाचं लोणी कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं, ते कढवा, एक नंबर तूप होतं आणि शेजारच्या तंबूतले लोक वासाने चौकशीला येतात. ताजी मिरची, कढीपत्ता, कोथिंबीर हेही नेऊ नका, ताज्या भाजीपाल्याला तिकडे सर्टिफिकेट लागतं.

न्यायचं काय तर भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, पोहे, दाण्याची चटणी, गोडा मसाला, मूगडाळ. दोन-तीन लिटरचा छोटा कुकर चेक-इन बॅगेत जातो. गॅस व्हॅनमध्ये असतोच. पण शेगडीला दोन बारकी बर्नर असतात, मोठं भांडं ठेवलं तर दुसरं बसत नाही. आणि कॅम्पसाइटवर रात्री शांततेची वेळ ठरलेली असते, दहा-अकरानंतर आवाज चालत नाही, सकाळी सातच्या आतही नाही, तर डाळीच्या शिट्ट्या संध्याकाळीच उरकून घ्या. आम्हाला एका जर्मन आजींनी तुमची गाडी बिघडलीय का म्हणून विचारलं होतं!

विजेचं एक लक्षात ठेवा, सगळ्यांनाच उपयोगी आहे. कॅम्पसाइटवर विजेचा पॉइंट बऱ्याचदा ६ अँपिअरचा असतो. २३० गुणिले ६ म्हणजे १३८० वॅट. आपली इंडक्शन शेगडी किंवा झटपट गरम होणारी किटली २००० वॅटची असते, लावली की खटकन ट्रिप, आणि मग ऑफिसमध्ये जाऊन माणूस बोलवावा लागतो. बुकिंग करताना १० अँपिअर मिळतो का विचारा.

बाहेर खायचं झालं तर ब्रिटनीच्या बाजूला गॅलेट मिळतो, कुट्टूच्या पिठाचा घावनच म्हणा, अंडं-हॅम नको असं सांगून चीज, मशरूम घालून मागायचा. कट्टर शाकाहारी असाल तर चीजचं बघून घ्या, बरीचशी पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध फाडणाऱ्या द्रव्याने लावतात. पोर्तुगालमध्ये काल्दो वेर्दे म्हणून हिरवं पालेभाजीचं सूप असतं, दिसतं शाकाहारी पण त्यात सॉसेजची चकती टाकतात. आणि फ्रान्समध्ये रविवारी दुपारनंतर बरीच दुकानं बंद, शनिवारीच सामान भरा.

रील्समध्ये लोक समुद्रासमोर फुकट गाडी लावून झोपतात, सकाळी दार उघडलं की लाटा. कॅम्पसाइटचे पैसे का भरायचे? (कॉलेज रोड)

कारण त्या रीलमध्ये पावती दाखवत नाहीत. फ्रान्समध्ये समुद्रकिनाऱ्यावर मोकळ्यावर कॅम्पिंगला मनाई आहे. पोर्तुगालने २०२१ मध्ये नियम कडक केले, संरक्षित निसर्गक्षेत्रात नेमून दिलेली जागा सोडून कॅम्परमध्ये रात्र काढता येत नाही, आणि तिथला छान छान किनारा बहुतेक त्या क्षेत्रातच येतो. स्पेनमध्ये गाडी नुसती पार्क केली आणि आत झोपलात तर ते पार्किंग, पण खुर्च्या-टेबल बाहेर मांडलं किंवा छत्री उघडली की ते कॅम्पिंग झालं, शिवाय प्रत्येक गावाचे आपापले बोर्ड वेगळे. पैसे वाचवायचेत तर फ्रान्समध्ये गावोगाव कॅम्परसाठी पार्किंगच्या जागा असतात, त्यांना 'एर' म्हणतात, पाणी भरता येतं, घाण पाणी सोडता येतं, कॅम्पसाइटपेक्षा खूप स्वस्त. नगरपालिकेच्या कॅम्पसाइट पण स्वस्त आणि नीटनेटक्या असतात, स्वीमिंग पूल नसतो एवढंच.

आगीचंही सांगते. जुलै २०२२ मध्ये याच पट्ट्यात ला तेस्त-द-बुश आणि लांदिरासला वणवे लागले, दोन्ही मिळून २० हजार हेक्टरच्या वर जंगल जळालं, पिलाच्या पायथ्याच्या कॅम्पसाइटही खाक झाल्या. आता उन्हाळ्यात जंगलाचे रस्ते अचानक बंद करतात, कोळशाचा बार्बेक्यू बऱ्याच ठिकाणी चालत नाही. कुठेतरी झाडीत गाडी घुसवून झोपायची हौस तिथे खरंच जिवावर येऊ शकते.

मला पोहता येतं, व्हिक्टोरिया पुलाजवळ गोदेत शिकलोय. अटलांटिकमध्ये पोहायला हरकत नाही ना? (मखमलाबाद)

दादा, हरकत आहे, म्हणजे झेंडे असतील तिथेच पोहायचं. आपण नदीकाठची माणसं, पाणी किती चढलं हे गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून ठरवतो आणि ते वर्षातून चार महिने. तिथे समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, आणि आर्काशोंला अमावास्या-पौर्णिमेला पाणी चार मीटरच्या वर चढतं. लांदच्या किनाऱ्यावर वाळूच्या बांधामागे उथळ डबकी तयार होतात, त्यांना 'बाईन' म्हणतात. बघायला अगदी बाळांना खेळवावं अशी. पण भरती-ओहोटीबरोबर ते पाणी एका फटीतून समुद्राकडे धावतं आणि माणसाला ओढून नेतं. पट्टीचे पोहणारे तिथे दमून बुडतात कारण ते काठाच्या दिशेने उलटं पोहत राहतात. सापडलात तर भांडू नका, पाठीवर तरंगा, हात हलवा, ओढ बांधापलीकडे संपते, मग बाजूने बाहेर या. लाइफगार्डची हद्द वर लाल खाली पिवळा अशा झेंड्यांच्या मध्ये असते, त्याच्यात राहा. समुद्रातल्या इमर्जन्सीला फ्रान्समध्ये १९६, बाकी सगळ्याला ११२.

पोहायचीच हौस असेल तर मागची तळी आहेत ना, बिस्कारोसचं, लाकानोचं. पाणी शांत, गोडं, बऱ्यापैकी कोमट.

भरतीचा आणखी एक नमुना वर न्वारमूतिए बेटाकडे जाताना आहे, पॅसाज द्यु ग्वा. चार किलोमीटरच्या वर लांब रस्ता, दिवसातून दोनदा पाण्याखाली. दोन्ही टोकांना वेळापत्रक लावलेलं असतं, ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास एवढ्यातच जायचं, आणि मध्ये मध्ये उंच खांब आहेत, अडकलेल्यांनी चढून बसायला. तरी दरवर्षी कोणीतरी गाडी बुडवतंच. पर्यायी पूल आहे, भाड्याच्या गाडीने पुलावरूनच जा.

लग्नाला वर्ष झालंय. एवढ्याशा गाडीत दोघं सतत, भांडणं होत नाहीत का? आणि टॉयलेटचं काय? (गंगापूर रोड)

अगं होतात ना, आणि बहुतेक गाडी रिव्हर्स घेताना होतात. त्यावर उपाय असा की मागे उभं राहून "ये ये ये" ओरडायचं नाही, हाताच्या खुणा आधीच ठरवायच्या आणि खुणा करणारा आरशात दिसला नाही तर चालवणाऱ्याने थांबायचंच. टॉयलेटची टाकी म्हणजे खालून ओढून काढायची पेटी असते, चाकं असतात, ठरलेल्या जागीच रिकामी करायची, निळं औषध घालायचं. मी नवऱ्याला म्हटलं एक दिवस तू एक दिवस मी, त्याने पहिल्याच दिवशी कॅम्पसाइटचं संडास वापरायचं ठरवून टाकलं म्हणजे पेटी भरतच नाही. हे खरंच सोपं आहे, तिथली संडास-बाथरूम स्वच्छ असतात.

रोज थोडा वेळ वेगवेगळं काढा. तो व्हेलोदिसे नावाचा सायकलट्रॅक आहे, ब्रिटनीतल्या रोस्कॉफपासून स्पेनच्या हद्दीवरच्या आँदायपर्यंत १२०० किलोमीटरच्या वर, बराचसा समुद्राजवळून जंगलातून. एकाने सायकल काढायची, दुसऱ्याने गाडीत लोळायचं. जूनमध्ये रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो, घाई कसलीच नसते.

मी द्राक्ष बागायतदार. बोर्दोच्या बागा या रस्त्यावर लागतात का? (दिंडोरी)

लागतात, फक्त थोडं वर जावं लागतं. मेदोक म्हणजे जिरोंद खाडी आणि समुद्र यांच्या मधली जमिनीची जीभ, समुद्राच्या बाजूला पाइनचं जंगल वारा अडवतं आणि खाडीच्या बाजूला खडेवाळूच्या जमिनीत काबर्ने सोव्हिन्यों जातीची द्राक्षं. आपल्यासारखे डोक्यावरचे मांडव नाहीत, वेली कमरेइतक्याच. टोकाला ल व्हेर्दोंहून रोयांला गाड्या नेणारी फेरीबोट आहे आणि खाडीच्या तोंडाशी समुद्रात कोर्दुआंचं दीपगृह, १६११ मध्ये पुरं झालेलं. वाइनचं टेस्टिंग करायचं असेल तर गाडी चालवणाऱ्याने नाही करायचं, मर्यादा रक्ताच्या लिटरला ०.५ ग्रॅम आहे आणि रस्त्यात थांबवून फुंकायला लावतात.

व्हिसाला हॉटेल बुकिंग मागतात, आम्ही तर कॅम्पिंग करणार. मग काय दाखवायचं? (नाशिकरोड)

कॅम्पसाइटची बुकिंग दाखवायची, राहण्याची सोय म्हणून तीच जोडा, सोबत कॅम्परचं बुकिंग. ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज करायचा, सारख्या असतील तर जिथून शिरणार तिथे. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज घेतात. मेडिकल इन्शुरन्स किमान ३० हजार युरोचा. शेंगेनमध्ये, म्हणजे हा एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या सगळ्या देशांत मिळून, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन कॉम्प्युटर दिवस मोजायला लागलाय. मे महिन्यात मुलांच्या सुट्टीत जाणार असाल तर कॅम्पसाइट उघडी आहे का ते आधी बघा, बऱ्याच एप्रिलमध्ये उघडतात पण काही थेट जूनला. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खा फ्रान्स तिथेच असतो. जून किंवा सप्टेंबर. आणि तंबू नेणार असाल तर नेहमीचे बारीक खुंटे त्या वाळूत धरत नाहीत, लांब आणि रुंद खुंटे तिथल्या दुकानातून घ्या.